१८५० रुपयांचा लेदर कार्विंग किट, चार महिने वापरून

मे महिन्यात ऑनलाइन मागवला होता, आता चार महिने रोज वापरून झालेत म्हणून लिहितोय. मी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, तेहतीस वर्षं टूल रूममध्ये काढली, गेल्या वर्षी रिटायर झालो. लेथ काय घरात आणता येत नाही, आणि हाताला काम नसलं की मला झोप लागत नाही, तेवढ्यात यूट्यूबवर एकजण चामड्याच्या पट्ट्यावर फुलं कोरताना बघितला आणि त्याच रात्री ऑर्डर टाकली. कंपनीचं नाव देत नाही, कारण असेच किट दहा नावांनी विकतात आणि फोटो सगळ्यांचे सारखेच.

बॉक्समध्ये काय येतं तर एक स्विव्हल नाइफ (दांडा बोटांत फिरवत कोरायचा चाकू), वीस ठसे (चामड्यावर ठोकून नक्षी उठवायचे), एक छोटी लाकडी हातोडी, सुया, मेणाचा दोरा, ट्रेसिंगची प्लास्टिक शीट आणि चामड्याचे तीन तुकडे.

पहिल्यांदा चाकूचं सांगतो कारण ह्या कामात सगळं तिथंच आहे. वर जे तर्जनी ठेवायचं खोगीर असतं ते मोकळं फिरायला पाहिजे, बोटानं नुसता खाली दाब द्यायचा आणि दांडा अंगठा आणि मधल्या बोटानं फिरवायचा, वळण असं निघतं. माझ्या चाकूचं खोगीर अडकत होतं, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, सुटलं. पातं मात्र बोथट. बोथट म्हणजे चामडं कापत नव्हतं, ओढत होतं, आणि नवीन माणसाला वाटणार की आपल्यालाच जमत नाही आणि तो किट माळ्यावर टाकून देणार, हे मला फार वाईट वाटलं. मी पातं आधी ६०० च्या आणि मग १००० च्या पॉलिश पेपरवर काचेवर ठेवून घासलं, दोन्ही बाजूंचा अँगल सारखा ठेवून, आणि मग जुन्या बेल्टच्या तुकड्यावर बफिंगचा हिरवा साबण लावून ओढलं. अर्धा तास गेला खरं त्यानंतर चाकू लोण्यातनं जातोय असा चालला. आता दर पाच-दहा मिनिटांनी दोन-चार हात त्या पट्ट्यावर ओढतो. काप जाडीच्या निम्म्यापेक्षा खोल जाऊ द्यायचा नाही, नाहीतर पट्टा वाकवला की तिथंच फाटतो.

ठसे ठीक आहेत. बेव्हलर (कापाची एक कड खाली दाबणारा) आणि पेअर शेडर (पाकळीला खोलगटपणा देणारा) चांगले निघाले, दोन बॅकग्राउंडरच्या (नक्षीभोवतीची जागा दाबणारे) तोंडावर कास्टिंगची रेघ होती, ती प्रत्येक ठोक्याला चामड्यावर उठायची, घासून काढली. हातोडी मात्र फार हलकी. लोखंडी हातोडी तर वापरूच नका, ठशाचं डोकं पसरतं. मी आमच्या जुन्या शॉपमध्ये जाऊन नायलॉनच्या रॉडमधनं मॅलेट टर्न करून आणला, पोरांनी मशीन मोकळं करून दिलं, 'मामा तुम्हीच लावा हात' म्हणाले, बरं वाटलं. खाली ठेवायला ग्रॅनाइट पाहिजे, किचन कट्ट्याचे तुकडे कापून उरलेले असतात दुकानात, मला फुकट मिळाला.

त्या शॉपमधनं आल्यावर एक घोटाळा झाला तो सांगायलाच पाहिजे. हात धुतले होते खरं शर्टाच्या बाहीवर लोखंडाची बारीक भुकटी राहिली असणार, अथणीहून आणलेल्या ओल्या चामड्यावर (त्याचं पुढं सांगतो) पडली आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळीकडे निळे-काळे ठिपके. झाडाच्या सालीनं कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं, त्याला ओलेपणी लोखंड लागलं की काळं पडतं. लिंबाचा रस पाण्यात मिसळून पुसला, बरेचसे फिके झाले, दोन राहिलेत.

आता किटमधल्या चामड्याबद्दल, आणि इथं माझे स्टार कापले गेलेत. तिन्ही तुकडे क्रोमचे, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारानं कमावलेले. क्रोम टॅनिंगच्या चामड्यावर ठसा मारला की थोड्या वेळात वर येतो, नक्षी राहतच नाही. ओळखायचं कसं, कडेनं कापून बघा, आत राखाडी-निळसर दिसलं तर क्रोम, आणि पाण्याचा थेंब टाकला तर तो वरच बसून राहतो. कार्विंगचा किट म्हणून विकायचा आणि आत कोरता न येणारं चामडं घालायचं, हे चूकच.

मग मी अथणीला गेलो. चिकोडीला गाडी बदलून. आपल्याच जिल्ह्यात बाभळीच्या साल-हिरड्यानं कमावलेलं चामडं असताना बाहेरून कशाला मागवायचं. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, बेळगाव त्यातला एक, आणि अथणीत घराघरात हे काम चालतं. एका घरी गेलो, अण्णांनी अर्धं कन्नड अर्धं मराठीत विचारलं काय करणार, मी किटच्या चामड्यावर बिघडलेला माझा पट्टा दाखवला. त्यांनी तो नखानं दाबून बघितला आणि आतनं तीन मिलीमीटर जाडीचा तुकडा काढून दिला, वर रापीची (चामडं कापायचं चांभाराचं हत्यार) धार कशी लावतात तेही दाखवलं. माझ्या चाकूपेक्षा त्यांची रापी जास्त धारदार होती, आणि त्यांच्याकडे पॉलिश पेपर नाही, नुसता दगड.

ह्या चामड्यावर जनावराच्या ओरखड्याच्या खुणा असतात, सगळीकडे एकसारखं नसतं, खरं ठसा मारला की तसाच बसतो. स्पंजनं ओलं करून रात्रभर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचं, सकाळी काढून रंग जवळजवळ मूळचा दिसेपर्यंत थांबायचं, गालाला लावलं तर गार लागलं पाहिजे, तेव्हा कोरायला घ्यायचं. आमच्या पावसात जुलैमध्ये मी एक तुकडा तीन दिवस पिशवीत विसरलो, बुरशी आली.

सध्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, छतातलं कमळ कोरतोय. १२०४ चं काम आहे ते, दगडातलं, आणि पाकळ्या अशा की खाली उभं राहिलं की मान दुखेपर्यंत बघावं. दोनदा जाऊन स्केच काढलं. बाहेरची ओळ झाली, आतल्या पाकळ्यांना बेव्हलर मारायचाय.

मी पाचपैकी तीन देतोय, ठसे आणि चाकूच्या बॉडीसाठी. घेणार असाल तर विक्रेत्याला आधी विचारा चामडं व्हेज टॅन (सालीनं कमावलेलं) आहे का, नसेल तर नुसते टूल घ्या. आणि ग्रॅनाइटखाली जाड रबराची मॅट टाका, आमच्या खाली राहणाऱ्या वहिनी दोनदा वर येऊन गेल्या. दुपारी दोन ते चार मी ठोकत नाही, तेवढ्या वेळात फक्त चाकूचं काम करतो.