घरचे वरण-भात सॅकमध्ये : विजेवर चालणाऱ्या ड्रायरचे परीक्षण

वैशाखात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आमच्या वऱ्हाडात वाळवणासाठी विजेचे यंत्र विकत घ्यावे, ही गोष्ट सहजासहजी कोणाला पटणारी नाही. घराच्या सपाट धाब्यावर बाज टाकून, तिच्यावर स्वच्छ धोतर अंथरून कुरडया, सरगुंडे, मुगवड्या आणि मिरच्या पिढ्यान्‌पिढ्या वाळत आल्या आहेत आणि त्या कामात उन्हाला तोड नाही. परंतु पाठीवर सॅक घेऊन चार-पाच दिवस डोंगरात हिंडणाऱ्याची गरज निराळी असते. त्याला शिजवलेले, फोडणी दिलेले, गरम पाणी ओतताच पुन्हा जेवण होणारे अन्न लागते, आणि असे अन्न उघड्यावर वाळवणे धोक्याचे असते. शिजलेल्या भातात जंतू झपाट्याने वाढतात. धूळ आणि माश्यांचा त्रास तर आहेच. शिवाय भटकंतीचे खरे दिवस थंडीचे, आणि त्या दिवसांत ऊन लवकर उतरते. म्हणून सहा ट्रेंचा, कपाटासारखा उघडणारा आणि मागच्या बाजूला पंखा असलेला घरगुती ड्रायर घेतला. पुढील अभिप्राय उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या तिन्ही ऋतूंतील वापरानंतर लिहिला आहे.

यंत्राची रचना साधी आहे. मागचा पंखा हीटरवरून आलेली गरम हवा सर्व ट्रेंवरून आडवी फिरवतो. बाजारात मिळणाऱ्या गोल, एकावर एक रचायच्या स्वस्त ड्रायरमध्ये पंखा बहुधा तळाशी असतो. त्यामुळे खालचा ट्रे आधी वाळतो आणि ट्रे वारंवार खालीवर करावे लागतात. आडव्या हवेच्या या यंत्रात ते काम एखाद्या वेळेवर भागते. तापमानाची चकती ३५ ते ७५ अंश सेल्सियसपर्यंत फिरते, पण चकतीवरचा आकडा आणि आतले तापमान यांत फरक पडतो. मधल्या ट्रेवर साधा ओव्हनचा थर्मामीटर ठेवला की खरा आकडा कळतो, आणि हा थर्मामीटर यंत्राबरोबरच घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. उष्णता जास्त झाली की अन्नाचा वरचा थर कडक होतो, ओल आतच अडकते, आणि बाहेरून खडखडीत दिसणाऱ्या तुकड्याला डब्यात बुरशी धरते.

यंत्राची खरी किंमत वरणात वसूल होते. तुरीची डाळ हळद-मीठ घालून मऊ शिजवावी, तेलाचा अगदी थेंब घेऊन जिरे, लसूण आणि मिरचीची फोडणी द्यावी आणि सगळे घोटून एकजीव करावे. हे घट्ट वरण ट्रेवरच्या गुळगुळीत पत्र्यावर तीन-चार मिलिमीटरच्या थरात पसरावे. ६० अंशांवर पहिल्या दोन-तीन तासांत वर साय धरते, मग कडा सुटून वर वळू लागतात, आणि पाचव्या-सहाव्या तासाला तो थर उलटता येतो. आठ ते दहा तासांनी हातात घेतलेला तुकडा पापडासारखा कट्‌कन मोडला पाहिजे. तो नुसता वाकला तर आत ओल आहे असे समजावे. मिक्सरमधून काढलेली ही भरड ४० ते ५० ग्रॅम घेतली की एका माणसाचे वरण होते. उकळते पाणी ओतून झाकण ठेवावे. पाच-सात मिनिटांत लसणाच्या वासासकट घरचे वरण ताटात येते. दुकानातल्या तयार पाकिटांत मिठाचाच भडिमार असतो, त्यांच्याशी याची तुलनाच होऊ शकत नाही.

भाताला थोडी अधिक दक्षता लागते. मोकळा शिजवलेला भात थंड होऊन तासन्‌तास पडू न देता गरम असतानाच पातळ पसरावा आणि यंत्र लगेच सुरू करावे. शिजलेल्या भातात सुमारे ७० टक्के पाणी असल्याने एक किलो भात वाळून ३०० ग्रॅमच्या आसपास उरतो; चढावर पाठीला हा फरक नेमका जाणवतो. असा भात दीडपट उकळत्या पाण्यात झाकून ठेवला की दहा-पंधरा मिनिटांत फुलतो. गॅस तेवढा कमी जळतो, आणि राखीव जंगलात जाळ करण्यास मनाई असल्यामुळे सारी भिस्त छोट्या सिलिंडरवर असताना ही बचत फार मोलाची ठरते.

तेलकट पदार्थ मात्र या यंत्रात घालू नयेत. चरबी वाळत नाही, ती मागे राहून खवट होते. त्यामुळे सावजी रस्सा कितीही आवडीचा असला तरी तो वाळवण्याच्या फंदात पडू नये. त्याचा कोरडा मसाला सोबत न्यावा. तूप आणि दाण्याचा कूटही वेगळ्या डब्यांत घेऊन आयत्या वेळी घालावा. वरुड-मोर्शीकडची संत्री वाळवण्याचा मोह आमच्याकडे सर्वांनाच होतो, पण फोडीची पातळ साल वाफ अडवते, म्हणून प्रत्येक फोड चिरावी लागते, आणि एवढे करूनही वेळ पुष्कळ जातो. केळ्याच्या चकत्या लिंबाच्या पाण्यातून काढून वाळवल्यास त्याहून कमी श्रमात चांगल्या होतात.

काही गोष्टींना यंत्राची गरजच नाही. हिवाळ्यात शेंडे खुडून सावलीत वाळवलेली हरभऱ्याची भाजी बहुतेक घरांत वर्षभर असते. ती चुरून वरणाच्या भरडीत मूठभर मिसळली की डोंगरातल्या जेवणाला तिची ती आंबूस चव येते. पालेभाजीसाठी वीज जाळणे मला पटत नाही.

आता उणिवा. हे यंत्र बनवणाऱ्याने खेड्यातली वीज विचारात घेतलेली नाही. विजेचा दाब २३० ऐवजी १८० व्होल्ट असला तर हीटरची उष्णता सुमारे ६० टक्क्यांवर येते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. मग आठ तासांचे काम रात्रभर चालते. वीज गेली की यंत्र बंद पडते आणि पुन्हा आल्यावर आपोआप सुरू होत नाही. रात्री ही अडचण गंभीर असते. खोलीत ३२ अंशांपेक्षा जास्त उष्णता असताना अर्धवट ओले, शिजलेले अन्न तासाभराहून अधिक काळ तसेच राहिले तर ते सुकवून डब्यात भरणे सुरक्षित नाही. थंडीतही दोन तासांपलीकडे जाऊ नये. म्हणून भारनियमनाचे वेळापत्रक पाहून सकाळीच ट्रे लावणे श्रेयस्कर. खर्चाचे म्हणाल तर ५०० वॅटचा हीटर दहा तास सतत चालला तर पाच युनिट जातात; प्रत्यक्षात तो अधूनमधून बंद होत असल्याने युनिटे त्याहून कमी पडतात.

दुसरी उणीव जाळीची. ट्रेची भोके भातासाठी मोठी आहेत आणि वरण पसरायचे पत्रे सहा ट्रेंना केवळ दोन दिले आहेत. जादा पत्र्यांसाठी कंपनीला पाठवलेल्या निरोपांना उत्तर आले नाही. शेवटी बटर पेपर कापून काम भागवावे लागले.

पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्याने वेळ जास्त लागतो, आणि ट्रे बाहेर काढून निवांतपणे गप्पा मारीत बसण्याची सोय राहत नाही. अन्न पूर्ण गार होताच ते हवाबंद बरणीत गेले पाहिजे, अन्यथा कुरकुरीत भरड काही वेळातच चिकट होते. बरणी दोन-तृतीयांशच भरावी, आठवडाभर रोज हलवावी आणि काचेवर आतून दव दिसले तर सर्व पुन्हा ट्रेवर घालावे. ही पायरी कोणीही गाळू नये. नागपंचमीच्या आधी विदर्भातून हजारो लोक पचमढीला नागद्वारच्या वाटेने भर पावसात चालतात. त्या वाटेसाठी एकेका जेवणाची वेगळी पाकिटे करावीत, म्हणजे एक फोडल्याने बाकीची सादळत नाहीत.

वर्षातून एकदाच डोंगरात जाणाऱ्याने एवढा खर्च करू नये. चार घरांनी मिळून किंवा बचत गटाने घेतल्यास यंत्र पडून राहणार नाही. घेताना पंखा मागे आहे ना, वीज परत आल्यावर यंत्र स्वतः सुरू होते का, आणि प्रत्येक ट्रेसाठी पत्रा मिळतो का, हे तीन प्रश्न दुकानदाराला पैसे देण्यापूर्वी विचारावेत आणि शक्य असल्यास दुकानातच यंत्र अर्धा तास चालवून आत थर्मामीटर ठेवून पाहावा.