सागरी गवताची जनुकीय तपासणी: सेवा चांगली, पण मूळ फाइल मागून घ्या

सिंधुदुर्ग आणि गोव्यातील खाड्यांच्या चिखलात वाढणाऱ्या हॅलोफिला बेकारी या सागरी गवताचे नमुने आम्ही अलीकडेच एका खासगी प्रयोगशाळेकडे मायक्रोसॅटेलाइट तपासणीसाठी (डीएनएमध्ये पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या भागांची लांबी मोजून झाडे ओळखण्याची पद्धत) दिले होते. दर वाजवी होता. काही नमुन्यांतून डीएनए कमी निघाल्यावर त्यांनी पुढचे काम रेटून न नेता आधी फोन करून विचारले, हेही आवडले. तरीही ही सेवा मी एका अटीवरच सुचवेन.

हे गवत बियांपासून उगवते, तसेच चिखलाखालील आडव्या खोडातून पसरते; त्यामुळे शेजारचे दोन कोंब ही दोन झाडे आहेत की एकाच झाडाचा पसारा, हे पाहून सांगता येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे पॉसिडोनिया ऑस्ट्रालिस या सागरी गवताचे एकच झाड सुमारे १८० किलोमीटर पसरले असल्याचे २०२२ मध्ये उघड झाले, तेही जनुकीय तपासणीमुळेच. उलट, तपासणीतल्या बारीकशा चुकीने एका झाडाची दोन होतात आणि कुरणातील विविधता कागदोपत्री फुगते.

म्हणून आम्ही काही पानांचे दोन-दोन तुकडे वेगवेगळे क्रमांक घालून पाठवले होते. त्यांपैकी एका जोडीत, एकाच मार्करसाठी (डीएनएवरील मोजायची ठरावीक जागा), एका तुकड्यात फक्त २१६ ही लांबी (डीएनएच्या अक्षरांत) आली, तर दुसऱ्यात २१४ आणि २१६ अशा दोन. अहवाल म्हणून नुसता एक्सेलचा तक्ता आला होता. यंत्रातून निघालेल्या मूळ फाइल आम्ही सहसा देत नाही, असे सांगण्यात आले आणि बऱ्याच पाठपुराव्यानंतरच त्या हाती पडल्या. ग्राफ उघडताच उलगडा झाला: पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढताना, एन्झाइम घसरल्यामुळे मुख्य शिखराच्या अलीकडे जे बुटके शिखर उमटते, त्यालाच सॉफ्टवेअरने दुसरे अ‍ॅलील (त्याच जागेचे दुसरे रूप) मानले होते. तक्त्यावरून हे कधीच कळले नसते.

दोन खाड्यांतील गवताची तुलना करायची असेल, तर सगळे नमुने एकाच प्रयोगशाळेला द्यावेत. यंत्र आणि डीएनएला लावायचे रंगद्रव्य बदलले की लांबीचे आकडे थोडे सरकतात, आणि प्रयोगशाळांमधला हा फरक खाड्यांमधला फरक म्हणून निष्कर्षात शिरतो. मूळ फाइल देण्याची अट कोटेशनमध्येच लिहून घ्यावी. नंतर मागितल्यास वेगळे शुल्क सांगितले जाण्याची शक्यता असते.