चुलीला बाभूळ की कडुनिंब?

सोलापूरकडं माळावर, बांधावर दोन्ही झाडं भरपूर. पण भाकरीच्या चुलीसाठी मी डोळे झाकून बाभूळच घेईन. लाकूड जड, चिवट. वाळल्यावर किलोमागं साधारण 4,800 किलोकॅलरी उष्णता देतं. निखारा लवकर विझत नाही, त्यामुळं तव्याला सारखा ताव मिळतो आणि आरावर उभी केलेली ज्वारीची भाकरी टम्म फुगते. मात्र ओली असतानाच फोडा, वाळल्यावर कुऱ्हाड दाद देत नाही. सालही काढा, नाहीतर भुंगा लागतो आणि ढिगाखाली पिठासारखा भुसा साचतो.

कडुनिंब त्यामानानं हलका, धूर फार. बंद स्वयंपाकघरात डोळे चुरचुरतात. अंगणातल्या पाण्याच्या बंबाला चालेल, तेही वाळक्या फांद्या. एवढी सावली देणारं झाड सरपणासाठी तोडणं मला पटत नाही.