अंगणात कोणतं लावायचं: जपान्यांनी काढलेलं आपलं रामायण की त्यांचा तोतोरो?

मागच्या हप्त्यात मावसभावाचा फोन आला. म्हणे भाऊ, घरी बारा माणसं जमली आहेत, सगळ्यात लहान चार वर्षांची पोरगी अन् सगळ्यात मोठी आजी, आपल्या टायमाचं एखादं कार्टून पिच्चर सांग जे सगळे एका जागी बसून पाहतील. उन्हाळ्याच्या सुट्ट्या आमच्याकडं तशाही लांबतात, बाकी महाराष्ट्रात शाळा उघडली तरी विदर्भातली पोट्टी अजून आंब्याखाली असतात, त्यामुळं त्याची अडचण समजली. मी म्हटलं दोन आहेत, दोन्ही आत्ताच आमच्या अंगणात लागून गेली, ऐकीव काही सांगत नाही. पण फोनवर रेंज येईना म्हणून लिहूनच काढलं.

पहिलं म्हणजे १९९३ चं रामायण, 'द लीजंड ऑफ प्रिन्स रामा'. दुसरं १९८८ चं, 'माय नेबर तोतोरो'. दोन्ही हातानं काढलेली, दोन्हींत जपानी लोकांचा हात, एकात त्यांनी आपली गोष्ट काढली अन् दुसऱ्यात स्वतःच्या खेड्याची. मला वाटलं होतं रामायण घरातलं वाटंल अन् तोतोरो परकं. झालं भलतंच, ते पुढं सांगतो.

आधी एक गोष्ट मोकळी करतो, कारण कोणीतरी म्हणणारच की जंगल बुक लावा, आपलं पेंच बाजूलाच आहे, मोगली तर सिवनीचा. खरं आहे, डिस्नेचं १९६७ चं जंगल बुक चांगलं आहे, ७८ मिनिटांत आटोपतं, पण आमच्या वयाचे सगळे त्यात ते चड्डीवालं गाणं येईल म्हणून वाट पाहत बसतात, अन् ते गाणं त्या पिच्चरमध्ये नाहीच, ते गुलजारनं दूरदर्शनवरच्या मालिकेसाठी लिहिलेलं, मालिका पण जपानी अन् गोष्टच वेगळी. शेवटपर्यंत बसून मग माझे बाबा म्हणाले, "गाणं कापलं वाटते." तर ते राहू द्या.

रामायणाची जन्मकथाच मोठी इंटरेस्टिंग आहे. युगो साको नावाचा जपानी माणूस १९८३ साली पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी रामायणाशी जोडलेल्या जागी केलेल्या उत्खननावर डॉक्युमेंटरी करायला भारतात आला, रामाची गोष्ट त्याच्या डोक्यात बसली ती बसलीच, मग कोइची सासाकी अन् आपले राम मोहन यांना घेऊन त्यानं हा पिच्चर केला. राम मोहन म्हणजे फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ पासून काम केलेला माणूस, 'शतरंज के खिलाडी'च्या सुरुवातीला जे कार्टून येतं ते त्यांचंच. त्यामुळं चित्रं जपानी असली तरी धोतर नेसायची पद्धत, नमस्काराचे हात, महालाचे खांब असल्या गोष्टी खटकत नाहीत. पात्रांचे डोळे मात्र जपानीच, मोठेमोठे.

आम्ही हे पाहिलं ते कार्टून नेटवर्कवर, केबल गावात एकाच्या घरी होती तेव्हा, त्यांच्या छपरीत पोतं टाकून. तेव्हाच्या हिंदीत राम म्हणजे अरुण गोविल, रावण म्हणजे अमरीश पुरी, अन् गोष्ट सांगणारा शत्रुघ्न सिन्हा. हे मुद्दाम सांगतो कारण २४ जानेवारी २०२५ ला हाच पिच्चर साफसूफ करून भारतातल्या थेटरांत परत लागला तेव्हा हिंदी आवाज नवे घेतले. चित्र एकदम लख्ख, पण तुम्ही अमरीश पुरीसाठी बसणार असाल तर आधी दोन मिनिटं लावून कोणती आवृत्ती आहे ते पाहून घ्या, नाहीतर माझ्यासारखं होतं, रावण बोलला अन् मीच म्हटलं हा कोण बे. पोट्ट्यांना काही फरक पडला नाही, त्यांनी जुना ऐकलाच कुठं होता. इंग्रजीतही आहे, मूळ इंग्रजीतच केलेला, अन् त्यात गाणी चक्क संस्कृतात, वनराज भाटियांचं संगीत. माझं ऐकाल तर एकदा गाण्यांसाठी इंग्रजी लावून बघा, पण आजी बसणार असंल तर नको.

आता आजी. रामायण लावलं की आजी प्रेक्षक राहत नाही, ती कीर्तनकार होते. विश्वामित्र दशरथाकडं राम-लक्ष्मणाला मागायला आला की तिनं आपलं सुरू केलं, "याच्या आंधी लय झालं, ते यायनं दाखवलंच नाई." मग मंथरा, मग कैकयी, प्रत्येकीबद्दल तिचं एक मत. वनवास लागला की रामटेक. राम तिथं थांबला होता, आजीचं लग्न झाल्यावर ती बंडीनं तिथं गेली होती, हे पिच्चर चालू असताना दोनदा झालं. कोणी तिला गप्प करत नाही अन् करायची गरजही नाही, कारण गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तुम्ही मधात उठून चहा टाकून आले तरी हनुमान लंकेतच असतो.

शेवटी मात्र आजी नाराज. पिच्चर रावण मारून राम परत निघतो तिथवरच आहे, लव-कुश नाहीत. आजीचं माहेर राळेगाव तालुक्यातलं, तिथं रावेरीला एकट्या सीतेचं मंदिर आहे, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्याचा जीर्णोद्धार केला ते, अन् तिकडची गोष्ट अशी की टाकलेली सीता लेकरं घेऊन तिथं राहिली, गावात गहू मागायला गेली तर कोणी दिला नाही, म्हणून तिनं शाप दिला अन् रावेरीत गहू पिकेना. आजीच्या लेखी खरं रामायण तिथं सुरू होतं. "येवढं मोठं काढलं अन् बाईची गोष्ट अर्धीच ठेवली," असं म्हणून ती खाटेवर आडवी झाली. युगो साकोनं याचा विचार केला असंल का माहीत नाही, पण आमच्याकडचा रिव्ह्यू हा असा आहे.

लांबी पण बघा. रामायण सव्वादोन तासांचं, १३५ मिनिटं. जेवणं होऊन, भांडी आवरून साडेआठला लावलं तर अकरा वाजतात, मधात लाइन गेली तर बारा. आमच्याकडं वाली-सुग्रीवाच्या झगड्यात गेली अन् चाळीस मिनिटांनी आली, तोवर दोन पोट्टी झोपली. तोतोरो ८६ मिनिटांचं, म्हणजे लहान लेकरांच्या हिशोबात ते एकदम बसतं. अन् दुपारी पाहायचं म्हणाल तर कूलर. ज्यांच्याकडं तो पत्र्याचा मोठा कूलर आहे त्यांना समजंल, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना तो बंद करता येत नाही अन् चालू असताना टीव्ही ऐकू येत नाही. रामायण अशात हातवाऱ्यांवर समजतं. तोतोरो आम्ही जपानी आवाजात, खाली इंग्रजी अक्षरं ठेवून लावलं होतं, मग कूलरचा प्रश्नच मिटला, पण वाचून सांगणारा एक माणूस लागतो. ते काम मी केलं, घसा बसला.

तोतोरोची गोष्ट सांगायची तर सांगण्यासारखं फार नाही. साल साधारण १९५५ च्या आसपासचं, जपानातलं खेडं. दोन बहिणी, सात्सुकी मोठी अन् मेई चार वर्षांची, बापासोबत खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात कारण आई जवळच्या दवाखान्यात भरती आहे. घराशेजारी कापराचं अवाढव्य झाड, त्यात एक गुबगुबीत, मोठ्या पोटाचा प्राणी राहतो, तो तोतोरो. तो बोलत नाही, कोणाला मारत नाही, झोपतो. व्हिलन नाही. लढाई नाही. माझे बाबा वीस मिनिटं बसले अन् "यात होऊन काय राहिलं?" म्हणून उठून पारावर गेले, ते खोटं कशाला सांगू. तुमच्या घरात माणसांना पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी मारलेलं लागतं असं असंल तर हा पिच्चर लावू नका, लाज जाईल.

पण जे बसून राहिले त्यांची गंमत पाहण्यासारखी होती. जुनं घर उघडल्यावर कोपऱ्यातून काजळीचे काळे गोळे पळतात, आई म्हणाली आपल्या जुन्या घराच्या माळ्यावर असंच होतं. दोघी हापशीचा दांडा मारून पाणी काढतात. शेजारची म्हातारी वावरातली काकडी तोडून गार पाण्यात ठेवते अन् मग पोरी ती कचाकचा खातात, हे पाहून माझी पोरगी उठून काकडीच घेऊन आली, रात्री नऊ वाजता. दवाखान्यातून तार येते, मोठी पोरगी दुसऱ्याच्या घरी जाऊन बापाला ट्रंक कॉल लावायला सांगते अन् परत फोन यायची वाट पाहत उभी राहते, तिथं आजी एकदम उठून बसली. आबाजी वारले तेव्हा पोस्टात अशीच ती उभी राहिली होती. हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

अन् तो पावसातला बसस्टॉप. बाप शेवटच्या बसनं येणार म्हणून दोघी छत्री घेऊन थांबल्या आहेत, लहानी पाठीवर झोपली, अंधार पडला, बस येत नाही. शेजारी तोतोरो येऊन उभा राहतो, डोक्यावर पान. पुण्याहून आलेला माझा पुतण्या म्हणाला, एवढा वेळ काहीच होत नाही यात. अरे बाबा, तू कधी फाट्यावर लाल डब्याची वाट पाहिली आहे का? सहाची गाडी साडेसातला येते तेव्हा असंच असतं, काहीच होत नाही. मग बारा पायांची मांजर बस होऊन येते, दोन्हीकडं दिवे, आत मऊ केसांच्या सीटा. गावातली पोट्टी खाटेवरून पडायची बाकी राहिली.

भीतीचं बोलायचं तर लोकांना उलटं वाटतं. रामायणात युद्ध मोठं आहे, कुंभकर्ण उठतो तो प्रसंग थरारक आहे, रावणाची मुंडकी तुटून परत येतात, पण आमच्या चार-पाच वर्षांच्या मंडळींना त्याची भीती वाटली नाही, ती ओरडत होती. तोतोरोत शेवटाकडं लहानी मेई हातात मक्याचं कणीस घेऊन आईला द्यायला एकटीच दवाखान्याकडं निघते अन् हरवते. तळ्यात एक लहान चप्पल सापडते. सगळं गाव काठावर. ती चप्पल तिची नसते, एवढं आत्ताच सांगून ठेवतो, कारण त्या अर्ध्या मिनिटात आमच्या अंगणातल्या बाया एकदम चूप झाल्या. आजूबाजूला शेततळी आहेत, विहिरी आहेत, प्रत्येकीला काही ना काही आठवतं. त्यात घरचं कोणी सेवाग्रामला नाहीतर नागपूरला भरती असंल तर तोतोरो महिनाभर पुढं ढकला. हयाओ मियाझाकी, ज्यानं हे काढलं, त्याची स्वतःची आई तो लहान असताना कित्येक वर्षं टीबीनं आजारी होती, त्यामुळं तो सगळा भाग उगाच रडवायला घातलेला वाटत नाही, पण लागतो.

आणखी एक, हे महत्त्वाचं आहे. १९८८ मध्ये तोतोरोसोबत त्याच तिकिटावर दुसरा पिच्चर दाखवला होता, 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', त्याच स्टुडिओ घिब्लीचा. तोतोरो आवडला म्हणून पोट्टी लगेच तो लावायला जातील. लावू देऊ नका. तो युद्धात भुकेनं मरणाऱ्या भावाबहिणीचा आहे, फार मोठा पिच्चर आहे, पण एकट्यानं पाहायचा, लेकरांसोबत नाही.

तर मावसभावाला मी असं सांगितलं. घरी आजी आहे, काका आहेत, सगळे बोलत बोलत पाहणार, पाहुणे ये-जा करणार, तर रामायण, अन् ते दोन रात्रींत पाहा, पहिल्या दिवशी सीताहरणापर्यंत. माणसं पाच-सहाच असतील, त्यात दहाच्या आतली दोन-तीन, अन् कोणी मोबाइल काढणार नाही याची हमी असंल, तर तोतोरो, ते २०२० पासून नेटफ्लिक्सवर आलं आहे. त्यानं विचारलं तू स्वतः परत कोणतं पाहशील. मी लहानपणी रामायण पाहायचो ते लंका जळताना पाहायला, आता पाहिलं तर राम निघून गेल्यावरचा दशरथच डोळ्यापुढून हटत नाही, म्हणजे त्यात माझ्यासाठी अजून शिल्लक आहे. पण पुढच्या वर्षी एकच लावायचं म्हटलं तर मी तोतोरो लावीन, बाबा पारावर गेले तरी चालंल.

फक्त एक चूक करू नका जी आम्ही केली. गोष्ट संपली, नावं यायला लागली अन् मी सवयीनं टीव्ही बंद केला. सगळे झोपले. साडेअकराला आजीनं हाक मारली.

"बाबू, त्या पोरीयची माय घरी आली का नाई?"

ते त्या नावांच्या मागं चित्रांत दाखवलंय, आई गाडीतून उतरते, पोरी गळ्यात पडतात. परत टीव्ही लावला, हॉटस्पॉट जोडला, शेवट शोधला. आजीनं चष्मा लावून ती दोन मिनिटं पाहिली अन् म्हणाली, "हाव. कर बंद आता."