कर्ज फेडताना घरखर्चाचं बजेट: दोन खाती, चार तारखा आणि एक वही (उन्हाळा ते दिवाळी वापरून)

पद्धत नवी नाही. पगाराच्या खात्यातून फक्त हप्ते, भाडं, शाळा, बिलं आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी जाणार. त्या खात्याला यूपीआय नाही आणि त्याचं एटीएम कार्ड कपाटात. घरखर्चासाठी दुसरं बचत खातं. यूपीआय फक्त त्यालाच जोडलेलं, आणि त्यात पैसे एकदम न येता १, ८, १६ आणि २४ तारखेला येतात. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांची रक्कम बाजूला, वेगळ्या ‘डब्यात’. हिशोबाला शंभर पानी वही.

एप्रिलमध्ये सुरू करून शाळा, गणपती आणि दिवाळी पार पडल्यावरचं मत आधीच सांगायचं तर रोजचा खर्च ही पद्धत सहज आवरते. भाजी-पेट्रोलमुळे बजेट मोडत नाही. ते मोडतं जूनमध्ये, विम्याच्या महिन्यात आणि दिवाळीत, आणि नेमकं तेव्हाच कार्ड परत बाहेर येतं.

आकड्यांसाठी नमुना धरू: हातात पगार ६४,००० रुपये, चौघांचं घर, भाड्याची जागा. कार्डाची थकबाकी ६०,०००. वैयक्तिक कर्ज २,४०,०००, व्याज १४ टक्के, ४८ हप्ते बाकी, म्हणजे हप्ता सुमारे ६,५६०. भाडं १४,०००, कार्डाला ९,०००, शाळा आणि व्हॅन ५,५००, वीज-फोन-इंटरनेट २,८००, वार्षिक खर्चासाठी ५,०००, किराणा आणि गॅस ८,०००, दूध २,७००, भाजी-फळं-अंडी ४,०००, पेट्रोल ३,०००, औषधं-किरकोळ १,५००. बेरीज ६२,०६०. उरलेले १,९४० पगाराच्या खात्यातच राहू द्यायचे, जोपर्यंत तिथे एका हप्त्याएवढी रक्कम कायमची पडून राहत नाही. साडेतीन-चार महिन्यांत ती जमते. ही गादी का हवी, तर नॅच (खात्यातून हप्ते आपोआप कापणारी यंत्रणा) १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशीही चालतं. पाच तारीख रविवारी आली तरी हप्ता रविवारीच कापला जातो. ‘सोमवारी जाईल’ या भरवशावर राहिलं की हप्ता परत जातो, मग बँक आणि कर्ज देणारी कंपनी दोघंही वेगवेगळा दंड लावतात, वर जीएसटी.

चार तारखांबद्दल. दर शनिवारी पैसे काढायची पद्धत आधी सोपी वाटते, पण ज्या महिन्यात पाच शनिवार येतात त्या महिन्यात गणित कोसळतं. १, ८, १६, २४ ला तो प्रश्न नाही. एका तारखेपासून पुढच्या तारखेपर्यंतचे दिवस म्हणजे एक ‘खिडकी’. खिडक्या सात-आठ दिवसांच्या राहतात आणि शेवटची तीस दिवसांच्या महिन्यात सात दिवसांची असते. भाजी, पेट्रोल आणि किरकोळ मिळून ८,५००, म्हणजे प्रत्येक खिडकीला २,१२५. एक तारखेला त्यात किराणा आणि दूधवाल्याचं मागच्या महिन्याचं बिल मिळवून १२,८२५. दोन्ही खाती एकाच बँकेत असतील तर स्थायी सूचना (ठरल्या तारखेला पैसे आपोआप वळते करण्याची) बिनबोभाट चालते. वेगवेगळ्या बँका असतील तर सुट्टीच्या दिवशी पैसे पोहोचतात का, हे पहिल्या महिन्यात तपासून घ्यावं. दुसरं खातं उघडताना किमान शिल्लक किती लागते ते विचारा. स्टेट बँकेनं ही अट २०२० मध्येच काढली, पण बऱ्याच खासगी बँकांत ती आहे, आणि या खात्यात महिनाअखेरीला दोनशे रुपये उरणार हे गृहीत आहे.

एकदम सगळी रक्कम का टाकायची नाही? यूपीआय लाइटमुळे, म्हणजे ॲपमधल्या छोट्या रकमांच्या पाकिटामुळे. लाइटमध्ये जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात, एका वेळी १,००० पर्यंत पिनशिवाय जातात. आठवड्याचं पाकीट म्हणून ते उत्तम, पण पाकीट संपलं की ॲप थांबत नाही. पिन मागतं आणि खात्यातून पैसे देतं. खात्यात महिन्याचे सगळे पैसे असतील तर पाकीट संपल्याचं कळतही नाही. लाइटचं आपोआप भरणं बंद ठेवायलाच हवं, ते चालू असलं की पाकिटाला तळच उरत नाही. आणखी एक अडचण: पासबुकात लाइट भरल्याची एक नोंद दिसते, आतले वडापाव, रिक्षा, झेरॉक्स दिसत नाहीत. ते ॲपमध्येच बघून वहीत उतरवावं लागतं. घरात भाजी-दूध बघणारी व्यक्ती दुसरी असेल तर तिच्या वाट्याची रक्कम रोख द्यावी. मोबाईलवरून विचारून-विचारून खर्च करण्यापेक्षा ते दोघांनाही सोयीचं पडतं, आणि पाकिटातल्या नोटा किती उरल्या हे कुणाला सांगावं लागत नाही.

एसएमएस वाचून आपोआप हिशोब ठेवणारी ॲप या कामाला कुचकामी वाटली. भाजीवाल्याच्या वैयक्तिक नावावर गेलेले ८० रुपये ती ‘हस्तांतरण’ म्हणून टाकतात, आणि महिन्याभरात ‘तुम्ही कर्जासाठी पात्र आहात’ अशी जाहिरात दाखवतात. कर्ज फेडणाऱ्या माणसाला ती नको. वहीत तीनच रकाने पुरतात: तारीख, कशाला, खिडकीत उरले किती.

आता वार्षिक खर्च. नमुन्याची यादी: आरोग्य विमा १८,०००, दिवाळी १५,०००, वह्या-पुस्तकं-गणवेश ९,०००, लग्नाचे आहेर ६,०००, गणपती ५,०००, गाडीचं सर्व्हिसिंग ४,०००, दुचाकीचा विमा १,५०० आणि महावितरणची अतिरिक्त सुरक्षा ठेव १,५००. शेवटची बहुतेक यादीत नसतेच. मागच्या आर्थिक वर्षाच्या सरासरी वापरावर ती काढतात आणि नेहमीच्या बिलाशिवाय वेगळं बिल येतं, बहुधा उन्हाळ्यातच, जेव्हा पंख्या-कूलरमुळे वीजबिलही वरच्या टप्प्यात गेलेलं असतं. बेरीज ६०,०००, भागिले बारा, ५,००० महिना. कागदावर छान दिसतं.

पण एप्रिलमध्ये सुरुवात केली आणि आरोग्य विमा जुलैत असेल, तर मे महिन्यात ठेव १,५००, जूनमध्ये शाळा ९,००० आणि जुलैत विमा १८,००० मिळून २८,५०० लागतात. चार पगारांतून जमतात २०,०००. साडेआठ हजारांची तूट, आणि ती कार्डावर जाते. म्हणून पहिल्या वर्षी बाराने भागायचं नाही. प्रत्येक खर्चापर्यंतची एकूण रक्कम घ्यायची, तिथपर्यंत मिळणाऱ्या पगारांच्या संख्येनं भागायची, आणि जो आकडा सर्वांत मोठा येईल तेवढे बाजूला टाकायचे. इथे मेपर्यंत ७५०, जूनपर्यंत ३,५००, जुलैपर्यंत ७,१२५. म्हणजे पहिले चार महिने ७,१२५. त्यानंतर गणपती आणि दिवाळीचे २०,००० ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार पगारांत, म्हणजे नेहमीचे ५,०००. आहेर, सर्व्हिसिंग आणि दुचाकीचा विमा त्यापुढच्या महिन्यांत येतात असं धरलंय. ते मधेच येत असतील तर तेही ओळीत घ्यायचे.

नेहमीच्या ५,००० वरचे हे २,१२५ आणायचे कुठून? कार्डाच्या ९,००० मधून. इथे हिशोबी माणूस हरकत घेईल, आणि ती रास्त आहे: बचत खात्यावर अडीच-तीन टक्के मिळत असताना महिना साडेतीन टक्क्यांचं कार्ड का रेंगाळत ठेवायचं? साडेतीन टक्के आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला ४.१३ टक्के पडतात. ६०,००० वर पहिल्याच महिन्यात २,४७८ रुपये. महिना ९,००० भरले तर आठ महिन्यांत कार्ड संपतं, व्याज-जीएसटी सुमारे ११,६००. पहिले चार महिने ६,८७५ भरले तर नऊ महिने लागतात आणि दहाव्यात पावणेदोन हजार उरतात, व्याज सुमारे १४,२००. फरक २,६०० च्या आसपास. ही वार्षिक डब्याची खरी किंमत, आणि ती मोजणं योग्य वाटतं. कारण थकबाकी असलेल्या कार्डावर नवी खरेदी केली की बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत, व्याज खरेदीच्या दिवसापासून चढतं. शिवाय एकदा कार्ड बाहेर आलं की ते फक्त विम्यापुरतं बाहेर राहत नाही. मात्र कार्ड संपेपर्यंत या डब्यात पुढच्या चार महिन्यांपुरतंच ठेवावं, वर्षभराचं नाही.

खरं तर कार्डाचं आधी हप्त्यांत रूपांतर मिळतंय का ते बघावं. वर्षाला १६ टक्क्यांनी बारा हप्ते केले तर हप्ता सुमारे ५,४५०, एकूण व्याज ५,३०० आणि त्यावर जीएसटी साडेनऊशेच्या आसपास, शिवाय प्रक्रिया शुल्क. वरच्या दोन्ही मार्गांपेक्षा हे स्वस्त. अट एकच: हप्ते भरत जाल तशी मोकळी होणारी मर्यादा परत वापरायची नाही. ॲपमधून ऑनलाइन व्यवहार बंद करा, दुकानांच्या आणि जेवण मागवण्याच्या ॲपमध्ये जतन केलेलं कार्ड काढून टाका, मर्यादा कमी करून मागा. रूपांतर मिळालं नाही तर कार्डाचे पैसे देय तारखेची वाट न बघता पगाराच्याच दिवशी भरा. व्याज रोजच्या शिल्लकेवर चढतं, त्यामुळे ९,००० पंधरा दिवस आधी भरल्यानं जीएसटीसकट १८० रुपयांच्या आसपास वाचतात. किमान देय रकमेवर तर राहूच नये: ६०,००० वर पाच टक्के म्हणजे ३,०००, त्यातले जवळपास अडीच हजार व्याजातच जातात.

कोणतं कर्ज आधी, यात व्याजाचा दर पहिला, पण एकमेव नाही. पतसंस्थेचं कर्ज १३ टक्क्यांचं असलं तरी त्याचा हप्ता कधीच मागे ठेवू नये. त्यावर दोन जामीनदारांच्या सह्या असतात, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला की नोटीस त्यांच्याही घरी जाते. सोनेतारणाचं व्याज कमी असतं, ते शेवटी फेडलं तरी चालतं, पण व्याज थकवून लिलावाच्या नोटिशीपर्यंत जाऊ देऊ नये. हातउसन्यांना व्याज नाही. तरी ठरल्या तारखेला हजार-दोन हजार दिले की नातं टिकतं, आणि समोरचा माणूस लग्नात भेटल्यावर विषय काढत नाही.

वैयक्तिक कर्जात जास्तीचे पैसे भरण्याआधी करारातली अट वाचा. ही कर्जं बहुधा स्थिर दराची असतात, त्यामुळे मुदतीआधी फेडीचं शुल्क लागू शकतं आणि अनेक ठिकाणी पहिले बारा हप्ते तरी अंशतः भरणा घेत नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना मुख्य तथ्य पत्रक (कर्जाच्या अटी-शुल्कांचा गोषवारा) सक्तीचं आहे, शुल्क त्यात लिहिलेलं सापडतं. अंशतः भरणा करताना ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं लेखी सांगा. काही ठिकाणी न विचारता हप्ता कमी करून देतात, मग व्याज फारसं वाचत नाही.

बारीक गळत्या अनेक आहेत. रिचार्ज २८ दिवसांचं असतं, म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा. चार फोन आणि ३०० रुपये धरले तर वर्षाला १,२०० जास्त. गॅस सिलिंडर महिन्याच्या गणितात बसत नाही, चौघांना पाच-सहा आठवडे जातो, म्हणून तो किराण्यात धरलाय. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापतात, ते एक वेळ चालेल. पण गुंतवणुकीचे पुरावे वेळेत दिले नाहीत तर जानेवारी ते मार्च टीडीएस वाढून हातातला पगार काही हजारांनी खाली येतो आणि सगळ्या स्थायी सूचना कोलमडतात. यूपीआय ॲपमधला ऑटोपेचा भाग उघडून बघा, विसरलेली एखादी वर्गणी हमखास सापडते.

ही पद्धत पगारदार घराला बसते. रिक्षा, दुकान, कंत्राटी काम अशी कमी-जास्त कमाई असेल तर चार तारखा चालत नाहीत. तिथे मागच्या सहा महिन्यांतला सर्वांत वाईट महिना हाच पगार धरावा लागतो, आणि वरचं सगळं कर्जाला. हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या निम्म्यापुढे जात असतील तरी ही वही पुरणार नाही. आधी कर्ज देणाऱ्यांकडे मुदत वाढवून मागायला हवी. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर येऊ नयेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो पाळला जात नसेल तर तक्रार लेखी द्या.

कार्डाची शेवटची रक्कम भरल्यावर लगेच हिशोब मिटवू नका. पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं व्याज येतं, कधी दीडशे, कधी चारशे. ते भरून शिल्लक शून्य झाल्यावरच कार्ड बंद करण्याची विनंती टाका. सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर बँकेनं दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. तडजोड करून रक्कम कमी करून मिळत असेल तर थांबून विचार करा, पतअहवालात मग ‘बंद’ नव्हे, ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. पतअहवाल बनवणाऱ्या चारही कंपन्या, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. कर्ज बंद झाल्यावर महिना-दीड महिन्यानं एक काढून नोंद बरोबर आहे का बघावं, आणि नाहरकत पत्र त्याच वहीत चिकटवून ठेवावं.