स्टेंट, बायपास की नुसत्या गोळ्या?

अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तनळ्यांची तपासणी, चालू असतानाच डॉक्टर कॅथलॅबबाहेर (ती तपासणी होते त्या खोलीबाहेर) येतात. "एका नळीत ऐंशी टक्के ब्लॉकेज आहे, आत्ताच स्टेंट टाकून घेऊ का?" स्टेंट म्हणजे नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी. सही करायला नातेवाइकांच्या हातात पाच मिनिटं असतात. त्या पाच मिनिटांत टक्क्यांच्या आधी एकच विचारा: आत्ता हार्ट अटॅक आलाय का?

आला असेल तर तुलना करत बसू नका. नळी उघडायला जितका उशीर, तितका हृदयाचा स्नायू मरतो. तातडीची अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने नळी उघडून स्टेंट टाकणं, इथे जीव वाचवते.

पण जिना चढताना छातीत भरून येतं, थांबलं की जातं, असं कित्येक महिने एकसारखं चाललं असेल तर घाई नको. अशा ५१७९ रुग्णांवरच्या 'इस्केमिया' चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. लगेच स्टेंट किंवा बायपास (अडथळा वळसा घालून टाळणारी शस्त्रक्रिया) केलेल्यांत आणि औषधांवर ठेवलेल्यांत सव्वातीन वर्षांच्या सुमारास मृत्यूचं प्रमाण सारखंच होतं, अटॅकमध्येही ठोस फरक नव्हता. ज्यांना दुखणं जास्त, त्यांना प्रोसिजरने आराम मात्र नक्की पडला. यामागचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. चरबीचे थर नळ्यांमध्ये जागोजागी असतात, आणि अटॅक पुष्कळदा लहानशा थराला चीर पडून, त्यावर गुठळी होऊन येतो. स्टेंट एक जागा उघडतो, स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी सगळीकडे काम करते. डाव्या मुख्य नळीत मोठा अडथळा किंवा हृदयाचं पंपिंग फार कमी असेल, तर मात्र हा हिशोब लागू नाही.

शुगर आहे आणि दोन-तीन नळ्या खराब आहेत? मग बायपासचा विचार आधी करा. 'फ्रीडम' चाचणीत (२०१२) अशा १९०० रुग्णांपैकी पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात बायपासनंतर १८.७ टक्क्यांना, स्टेंटनंतर २६.६ टक्क्यांना झाला. नुसता पक्षाघात मात्र बायपासमध्ये जास्त होता, आणि छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने जातात.

स्टेंटनंतर माणूस एक-दोन दिवसांत घरी येतो. पण रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या बहुधा सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागतात. दात काढायचा म्हणूनही त्या परस्पर बंद करू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

खर्चाचं म्हणाल तर २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत दोन्ही उपचार बसतात.

स्टेंट कार्डिऑलॉजिस्ट टाकतो, बायपास सर्जन करतो. तातडी नसेल तर अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या आणि दोघांनाही दाखवा.