न्यूझीलंडचा चिखल आणि स्वस्तातली कॅम्पर व्हॅन: वॉटरप्रूफ बूट घ्यावेत की जाळीचे ट्रेल शूज?

न्यूझीलंडला कॅम्पर व्हॅन घेऊन ट्रेकिंगला निघालात की दुकानात पहिला सल्ला मिळतो, ‘वॉटरप्रूफ बूट घ्या.’ व्हॅन स्वस्तातली असेल, म्हणजे आत वेगळा हीटर नाही आणि झोपायची जागा हीच बसायची जागा असेल, तर आधी एवढंच ठरवा की भिजलेला बूट वाळवणार कुठे. आमच्या मते निवड यावरच व्हावी.

साउथ आयलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आकडा आपल्या आंबोलीच्या पंगतीतला, पण आंबोलीचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत उरकतो, तिथला वर्षभर पडत राहतो. डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्यातही पश्चिम किनाऱ्यावरच्या वाटा ओल्या असतात. शिवाय ‘ग्रेट वॉक’ म्हणजे नीट राखलेल्या नावाजलेल्या वाटा सोडून साध्या ट्रॅम्पिंग (तिथे ट्रेकिंगला हेच म्हणतात) ट्रॅकवर गेलात तर बऱ्याच ओढ्यांवर पूल नसतो. ओढा बूट घालूनच ओलांडायचा, कारण अनवाणी पाय गोट्यांवरून सटकतो. म्हणजे पाय भिजणार, हे धरूनच चला.

वॉटरप्रूफ बूट इथेच मागे पडतो. गोरटेक्ससारखं अस्तर बाहेरचं पाणी अडवतं आणि आतली वाफ बाहेर सोडतं. पण घोट्यावरून एकदा पाणी आत शिरलं की तेच अस्तर ते आत कोंडून ठेवतं. वरून चिखलाचा थर बसला की वाफही अडते आणि मोजे घामाने भिजतात. जाळीच्या शूजमध्ये पाणी लगेच शिरतं, पण चालता चालता बाहेरही पडतं. आतला सुकतळा काढून ठेवला तर सकाळपर्यंत ते नुसते दमट राहतात. जाड चामड्याच्या बुटाला थंड, दमट व्हॅनमध्ये दोन-तीन दिवस सहज लागतात.

वजनातही मोठी तफावत आहे. चामड्याची जोडी साधारण सव्वा ते दीड किलो, ट्रेल शूजची सहाशे-सातशे ग्रॅम, आणि चिखल चिकटला की दोन्हींत भर पडते. चिखलात पकड मात्र बुटाच्या उंचीवर नाही, सोलवर ठरते. पाच-सहा मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून लांब असलेले दात हवेत. दाट, उथळ नक्षीत चिखल भरला की सोल गुळगुळीत होतो. सह्याद्रीच्या ओल्या कातळावर छान धरणारा बूट तिथल्या भुसभुशीत चिखलात घसरतो, तो याचमुळे.

शूज चिखलात रुतून पायातून निघतात, ही तक्रार खरी आहे. उपाय नाडीत आहे: सगळ्यात वरच्या भोकातून नाडी त्याच बाजूला परत आत घालून छोटा फास करा, समोरच्या बाजूची नाडी त्या फासातून ओवा आणि खाली ओढून गाठ मारा. टाच जागेवर बसते. वर गुडघ्यापर्यंतचे गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावरून पोटरीवर चढवायची कापडी आवरणं लावा, म्हणजे खडे आत जात नाहीत. गेटरचा तळव्याखालचा पट्टा शूजच्या कमानीत नीट बसतो का, ते दुकानातच बघा.

बूट कुठे जिंकतो? पाठीवर चौदा-पंधरा किलोंहून जास्त ओझं, बर्फ, धारदार खडकाळ उतार, किंवा स्टुअर्ट आयलंडचा १२५ किलोमीटरचा नॉर्थ वेस्ट सर्किट, जिथे गुडघाभर चिखल नेहमीचा. तिथे तो घोट्याचा ताण वाचवतो. आणि त्या बेटावर व्हॅनचा प्रश्नच येत नाही, बोट सुटते त्या ब्लफ बंदरातच ती राहते.

आता वाळवणं. सुकतळे आणि नाड्या काढा, वर्तमानपत्राचे बोळे ठासा, पहिले काही तास ते तासा-दीड तासाने बदला. गाडी चालवताना गरम हवा पायांकडे वळवून एसीही चालू ठेवा, एसी हवेतली ओल काढतो. शूज शेजारच्या सीटच्या पायाशी ठेवा, चालकाच्या बाजूला कधीच नको, घरंगळून पेडलखाली जातात. डॅशबोर्डवर कडक उन्हात ठेवले तर डिंक सुटून सोल उकलतो. गॅसची शेगडी पेटवून व्हॅन ऊबदार करू नका: कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जाऊ शकतो. रात्री बूट बाहेर ठेवण्याचा मोहही टाळा. साउथ आयलंडवर वेका हा न उडणारा पक्षी ते पळवतो आणि किआ पोपट रबर कुरतडतो. झाकणाचा प्लास्टिकचा टब दारापाशी ठेवा, चिखल आणि ओल तिथेच अडते.

धुण्याचं पाणीही मोजून वापरावं लागतं. सेल्फ-कंटेन्ड, म्हणजे स्वतःची पाण्याची आणि सांडपाण्याची सोय असलेल्या व्हॅनचा निकष माणशी रोज चार लिटर, असं तीन दिवसांचं पाणी. दोघांचे चोवीस लिटर. चामड्याची एक जोडी नीट धुवायला तीन-चार लिटर जातात, म्हणजे दोघांच्या जोड्या एकदा धुतल्या की टाकीचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा संपतो. सिंकमध्ये तर धुऊच नका, गाळाने नळी तुंबते. चिखल वाळू द्या, कडक ब्रशने झाडा, उरलेला ओल्या फडक्याने पुसा.

धुणं टाळता येत नाही अशी एक जागा आहे. नॉर्थ आयलंडच्या उत्तर भागात, वायपोआच्या जंगलासारख्या ठिकाणी, कौरी झाडांना मातीतून पसरणारा रोग मारतो आहे. वाटेवरच्या केंद्रात सोलची माती पूर्ण खरवडायची, मग जंतुनाशक लावायचं, आत जाताना आणि बाहेर येतानाही. इथे गुळगुळीत चामडं सोपं पडतं, जाळीच्या टाक्यांत माती अडकते, म्हणून जुना टूथब्रश जवळ ठेवा.

गमबूट फार्मच्या दुकानात स्वस्तात मिळतात. तासाभराच्या सपाट, दलदलीच्या वाटेला आणि कॅम्पवरच्या कामांना उत्तम. ओढ्यात मात्र नेऊ नका, पाणी भरलं की पाय उचलत नाही.

दिवसभराच्या वाटा, एखादा ग्रेट वॉक आणि रात्री व्हॅन, असा बेत असेल तर आम्ही ट्रेल शूजच सांगू: एक जोडी, लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड, त्यांतला एक फक्त झोपायला कोरडा ठेवलेला. दोन्ही घेण्याइतकं बजेट नसेल तर बूट फक्त अनेक दिवसांच्या जड ट्रेकसाठीच निवडा.

बूट भारतातून नेणार असाल तर दातांतली लाल माती सुई घालून काढा आणि न्यूझीलंडमध्ये शिरताना भरायच्या अर्जात वापरलेली ट्रेकिंगची पादत्राणं जाहीर करा. न सांगता सापडली तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो. आणि काही वर्षं कपाटात पडलेली जोडी नेण्याआधी मधल्या फोमवर अंगठा दाबा. हा फोम पॉलीयुरेथेनचा असेल तर ओलीने सडतो, भुगा झाल्यासारखा लागला तर सोल वाटेतच निघतो, ती जोडी घरीच ठेवा.